उदाहरणापुरती चवथ

आमच्या कोरगावच्या घरात भाड्याने देण्यासारखी खोली एकच, आणि ती माझ्या नणंदेची. लग्न होऊन ती कुडाळला गेली. खोलीला बाहेरून स्वतंत्र दार, आत न्हाणीघर, जनेल उघडलं की समोर काजूची झाडं. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे जो तो पाहुणे ठेवायला लागला होता, आणि ही खोली वर्षातले साडेअकरा महिने नुसती बंद. मी सासूबाईंच्या मागे लागले. मागे लागणं हा माझा जन्मजात गुण आहे. माहेरी आमोण्याला आई म्हणायची, ही पोर नदीच्या मागे लागली तर नदीसुद्धा कंटाळून वाट बदलेल.

तीन महिने सासूबाईंनी दाद दिली नाही. मग एका सकाळी पाववाला पोदेर उंडे देऊन गेला, आम्ही दोघी चहा घेऊन पायरीवर बसलो, आणि उंडो चहात बुडवता बुडवता त्या एकदम म्हणाल्या, "दी भाड्यान. पण आयक. ती खोली माझ्या चेडवाची. चवथीक ती येतली, तेव्हा तिची खोली तिका व्हयी. त्या दिसांनी मंत्री इलो तरी दार उघडूचा नाय."

चेडू म्हणजे मुलगी. मी म्हटलं, "आई, शब्द दिला." शब्द द्यायला मला कधी वेळ लागत नाही.

अ‍ॅपवर खोलीची नोंद करताना तिला नाव द्यावं लागतं. मी दोन-तीन नावं काढून ठेवली होती, सगळी झाडा-पानांची आणि वाऱ्याची, वाचून शहरातल्या माणसाला आपण उगाच शहरात राहतो असं वाटावं अशी. सासूबाईंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चेडवाची खोली. आसा ताच नाव घाल." तेच घातलं. आजही अ‍ॅपवर आमची खोली 'चेडवाची खोली' म्हणूनच आहे आणि निम्मे पाहुणे पहिला प्रश्न याचा अर्थ काय हाच विचारतात.

आमचा गणपती पाच दिवसांचा. चवथीचा दिवस नणंद सासरी करते, पंचमीला दुपारी इकडे येते ती विसर्जन करूनच जाते. त्या चार दिवसांसाठी सासूबाई वर्षभर जगतात असं म्हटलं तर त्यांना राग येईल, पण ते खरं आहे. आणि गेल्या वर्षी तर ती तीन महिन्यांचं बाळ घेऊन येणार होती. नातवाची आजोळची पहिली चवथ. पाळणा कुठे टांगायचा, कुठल्या बाजूने वारा लागेल, हे सगळं आषाढातच ठरून गेलं होतं. खोलीतली कोळिष्टकं सासूबाईंनी स्वतः झाडूला काठी बांधून काढली, माझ्यावर विश्वास टाकला नाही.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच निघालं.

मी सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू कशी वापरायची ते तिसऱ्यांना समजावून सांगते. बारा वर्षं हे काम करून मला एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही. लोक आधी बटणं दाबतात, मग वैतागतात, मग फोन करून विचारतात, आणि आपण म्हणतो, पान चार वाचा. पान चारपर्यंत आजवर कुणी जिवंत पोचलं नव्हतं.

मग आमच्या कंपनीने नवं साधन काढलं. भाड्याच्या घरांची बुकिंगं ठेवणारं सॉफ्टवेअर आमचं होतंच, आमची खोलीही त्यावरच होती, आता त्या बुकिंगमध्ये एआय एजंटला स्वतः बदल करता येणार होता. पाहुणा म्हणाला, दोन दिवस पुढे ढकला, की घरमालकाने झोपेतून उठायची गरज नाही. एजंटने बुकिंगचा क्रमांक द्यायचा, नवी तारीख द्यायची, माणसं किती ते सांगायचं, हवी तर एखादी टीप जोडायची, की काम झालं. हे सगळं कसं करायचं ते मी लिहायचं होतं, आणि वाचणार होता तो एजंटच.

मी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "एजंट? जमनीचो?"

पेडणे तालुक्यात एजंट म्हटलं की दुसरं काही डोक्यात येतच नाही. मी म्हटलं, "नाही आई, हा माणूस नव्हे. संगणकातला. सांगितलेलं करतो."

"सांगलला करता?" त्यांनी आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, बघितलं. "मगे एक घरात व्हयो होतो."

आता माझी गंमत बघा. बारा वर्षांत पहिल्यांदा मला असा वाचक मिळाला होता जो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, काही गाळत नाही, जांभई देत नाही आणि लिहिलंय तसं करतो. मी हुरळून गेले. एकेका वाक्याला तीन-तीनदा हात लावायला लागले. 'शक्यतो' हा शब्द काढून टाकला, कारण शक्यतो म्हणजे किती हे यंत्राला कोण सांगणार? 'लवकरात लवकर' काढलं. 'योग्य वाटल्यास' तर आधी काढलं. आमच्याकडे माणसांनासुद्धा योग्य काय ते पटकन वाटत नाही. जेवताना नवऱ्याला वाक्यं वाचून दाखवायची मी. तो पेडण्यात नोकरीला, दिवसभर लोकांचे अर्ज वाचून येणार आणि घरी बायको वाचून दाखवणार. बिचारा मान हलवायचा.

डॉक्युमेंटेशनमध्ये सगळ्यात महत्त्वाचं असतं ते उदाहरण. वरचं सगळं समजलं नाही तरी उदाहरण बघून काम होतं. आणि उदाहरण चालवून बघावं लागतं, नाहीतर आपलीच फजिती. त्यासाठी कंपनीत एक खोटी जागा असते, तिथे खोटी घरं, खोटे पाहुणे. ती खोटी जागा त्या दिवशी बंद पडली होती. सकाळपासून तीनदा विचारलं, तीनदा उत्तर आलं, होतंय, होतंय. माझं डोकं तापलं. मला वाट बघता येत नाही. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती जागा, आपलं घर आहे की! आमच्या चेडवाच्या खोलीचं एक खरं बुकिंग होतं, अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याचं. त्याचा क्रमांक घेतला, त्यावर उदाहरण चालवून बघितलं, चाललं, लगेच सगळं होतं तसं परत केलं. मग तेच उदाहरण कागदावर चिकटवलं. क्रमांक नंतर बदलू म्हटलं.

राहिली तारीख. आता इथे मी जे केलं ते आमच्या भागातलाच माणूस करू शकेल. उदाहरणासाठी अशी तारीख हवी होती जी चुकूनही खरी होणार नाही. मी म्हटलं, चवथ! पंचमी ते विसर्जन. त्या दिवसांत आमच्याकडे कोण पाहुणा ठेवणार? घरोघरी गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेली माटोळी, आरत्या, पंगती. खोली भाड्याने मागणारा वेडा आणि देणारा त्याहून वेडा. त्यापेक्षा सुरक्षित तारीख साऱ्या गोव्यात सापडली नसती. मी स्वतःवरच खूश झाले.

शेवटी टीप. ती मी मुद्दाम देवनागरीत लिहिली, देवनागरी चालते हे दाखवायला. हात आपोआप चालला, लिहिलं, "आमच्या घरच्या गणपतीला अवश्य यावे. नेवऱ्या खायला घालू."

अ‍ॅपच्या कॅलेंडरवर ते दिवस बंद केले होते का, असं कुणी विचारेल. नव्हते केले. खोली लावली तेव्हाच मी सासूबाईंना म्हटलं होतं, चवथीचे दिवस बंद करून ठेवूया. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्याला उगवायची आठवण करून द्यायला निघाले होते. "चवथ आसा ह्या काय कोणाक सांगूक व्हया?" मलाही ते पटलं. आमोण्याला तरी कुणी कुणाला सांगितलं होतं?

ते डॉक्युमेंटेशन प्रसिद्ध झालं. सगळ्यांनी वाहवा केली. क्रमांक बदलायचा राहून गेला होता हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या आधीच नवऱ्याने आमच्या खोलीच्या खात्याला एक एजंट जोडून दिला होता. गरम पाणी आहे का, गाडी कुठे लावायची, मांजर आहे का, असल्या प्रश्नांची उत्तरं देऊन तो कंटाळला होता. एजंट गोड बोलून उत्तरं द्यायचा. श्रावणात कधीतरी अकोल्याच्या शिक्षकांनी कळवलं की बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, आम्हाला नंतरची कुठलीही तारीख चालेल. एजंटने याआधी कधी तारीख बदलली नव्हती. त्याने सरळमार्गी विद्यार्थ्यासारखं पुस्तक उघडलं, म्हणजे माझं पुस्तक, आणि त्याला तिथे काय दिसावं? हेच घर, हेच बुकिंग, हाच क्रमांक, नवी तारीख, टीपसुद्धा तयार. कॅलेंडर बघितलं, तर ते दिवस मोकळे. दुसऱ्या कुणाच्या बुकिंगला त्याचा हात लागला नसता, परवानगीच नव्हती. आमच्या बुकिंगची होती. त्याने लिहिलंय तसं केलं.

मला हे कळलं ते चवथीला आठ दिवस असताना. दुपारची वेळ, सासूबाई मागीलदारी माटोळीची लाकडी चौकट धुवत होत्या, आणि मी कामातून जरा डोकं वर काढून सहज अ‍ॅप बघितलं. पंचमी ते विसर्जन, चेडवाची खोली, दोन माणसं, बुकिंग पक्कं. खाली माझीच टीप. आधी नवऱ्याला फोन केला आणि त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "मी काय केलंय?" त्याने काहीच केलं नव्हतं, म्हणून आणखी ओरडले. मग आमच्या टीममधल्या वरिष्ठ बाईंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "एजंटने चूक कुठे केली ते सांग बघू." बारा वर्षं मी वाचकाच्या नावाने खडे फोडत होते, आणि वाचक मिळाल्यावर चूक निघाली ती लेखिकेची.

पहिला विचार आला तो गुपचूप रद्द करण्याचा. सासूबाईंना कळायच्या आत. पण नुसतं बटण दाबून रद्द करणं बरं दिसेना, म्हणून शिक्षकांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोने. मी तोंड उघडायच्या आत त्या बोलायला लागल्या. "अहो, किती छान लिहिलंत तुम्ही! आम्ही इतकी घरं फिरलो, पण घरच्या गणपतीला या असं कुणी म्हटलं नाही हो. मुलगा परदेशात, आमच्या घरी आता दोघंच. मी तुमच्या बाप्पासाठी वाती करून ठेवल्यात. डोळ्याला चष्मा मिळाला त्यानंतरचं पहिलं काम तेच केलं. एकवीस एकवीसच्या जुड्या." मग त्यांनी विचारलं, "तुमचा फोन कशासाठी होता?"

मी म्हटलं, "गाडी कुठे लावायची ते सांगायला."

फोन ठेवला आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या. आमोण्याच्या भाषेतल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आता सासूबाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मागीलदारी गेले. त्या चौकटीच्या सांध्यात नारळाची शेंडी घालून घासत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, क्रमांक, तारीख, टीप, वाती. मध्ये त्या एकदाही थांबल्या नाहीत की वर बघितलं नाही.

शेवटी विचारलं, "माणसां किती?"

"दोन."

"चेडवाची खोली देवची नाय."

"नाही देणार आई. मी काहीतरी करते. पेडण्यात कुठे लॉजवर..."

"गणपतीक बोलवन लॉजार धाडतंस?" आता त्यांनी वर बघितलं. "चूक कोणाची?"

"माझी."

"मगे खोली कोणाची?"

त्यांनी चौकटीवर पाण्याची बाल्दी ओतली आणि म्हणाल्या, "तुमची खोली रिकामी करा. तुमी दोघां माटोळीखाली निजा. त्या दिसांनी थय सगळी निजतत."

न्याय म्हणून बघितलं तर चोख होता. चूक माझी, शिक्षा मला, पाहुण्यांचा मान राहिला, लेकीच्या खोलीचा शब्द राहिला. पण मला राग आला, आणि तो लपवून काय करू? लेकीची खोली म्हणजे मंत्री आला तरी न उघडणारी, आणि सुनेची खोली म्हणजे चौकट धुता धुता उघडून देण्यासारखी! माझं कपाट, माझं टेबल, माझी कामाची जागा त्या खोलीत. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. मी आठवडाभर तोंड फुगवून सामान हलवलं. नवरा म्हणाला, अगं पाच दिवसांचा प्रश्न आहे. मी म्हटलं, प्रश्न पाच दिवसांचा नाहीच आहे. कसला आहे ते मलाच नीट सांगता येईना, म्हणून त्याच्यावर पुन्हा ओरडले.

पंचमीला दुपारी आधी नणंद आली, काखेत बाळ. तिच्या खोलीत पाळणा टांगलेला, जनेलाला नवा पडदा. बाळाला पाळण्यात घालून सासूबाई दारातच उभ्या राहून बघत होत्या. मग तासाभराने अकोल्याची मंडळी आली. शिक्षक उंच, बायको ठेंगणी, हातात वातींचा डबा असा धरलेला की बॅग पडली तरी चालेल, डबा पडता कामा नये.

पुढचे दोन दिवस माझा राग टिकवायला मला फार कष्ट पडले. शिक्षकांना आरत्या पाठ, पण चाल विदर्भातली, आमच्या घुमटाच्या ठेक्याशी त्यांची फारकत. ते एक कडवं पुढे, आम्ही एक कडवं मागे, आणि शेवटी मंत्रपुष्पांजलीला भेट. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने घुमट त्यांच्याच हातात दिलं. त्यानंतर कुणालाच काही कळेना, पण मजा फार आली. बाई नणंदेच्या बाळाला मांडीवरून उतरवायला तयार नाहीत. माटोळीला टांगलेलं एकेक फळ बोटाने दाखवून सासूबाईंना विचारायच्या, आणि सासूबाई, ज्या एरवी चार शब्दांत दिवस काढतात, त्या प्रत्येक फळाचं नाव, झाड आणि कुणाच्या कुळागरातून आलं इथपर्यंत सांगायच्या. "हीं आंबाडीं. हा कवंडळ. ह्या खाव नको, कडू आसा. देवाक दाखवच्याक."

तिसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत मात्र घोटाळा झाला. पानं मांडून झाली होती, खतखतं वाढून झालं होतं, आणि शिक्षक जेवायला बसले ते हातात कागद घेऊन. माझ्या टेबलावर माझ्या डॉक्युमेंटेशनचे छापील कागद पडले होते, लाल पेनने दुरुस्त्या केलेले. त्यांना सकाळी पेपर मिळाला नाही म्हणून त्यांनी ते वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत! बारा वर्षांत मला मिळालेला हा दुसरा वाचक.

"तुम्ही छान लिहिता," ते मला म्हणाले. "पण या उदाहरणातला क्रमांक आमचा आहे. मला पाठ आहे, मी शिक्षक माणूस. आणि ही टीपसुद्धा आमचीच." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे हे आमंत्रण नव्हतं. उदाहरण होतं."

बाईंचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. लहानपणी वर्गात चोरी पकडली गेल्यावर कान जसे तापायचे तसे माझे कान तापले. मी म्हटलं, "हो. चूक झाली माझी. मी तुम्हाला फोन केला होता तो नको म्हणायला, पण मला जमलं नाही."

"मग आम्ही तुमच्या खोलीत..." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "अहो, ते टेबल तुमचं. तुम्ही बाहेर झोपता." त्या उठायलाच लागल्या. शिक्षक म्हणाले, आम्ही संध्याकाळी पेडण्यात खोली बघतो, तुमच्या सणात आमची अडचण नको.

सासूबाई भाताचं भांडं घेऊन ओळीने येत होत्या. त्या शिक्षकांच्या पानासमोर थांबल्या. "कोणी बोलवल्यान आणि कशाक बोलवल्यान ता माका ठावक नाय," त्या म्हणाल्या. "माका वाचूक येणा नाय तुमचा ता. मी वाढलंय. आता जेवा." आणि नको नको म्हणत असताना त्यांच्या पानात भाताची मूद पडली, दोन माणसांपुरती.

ते जेवले. कुठे गेले नाहीत. विसर्जनाला पाण्यात उतरून शिक्षकांनी गणपतीला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी चोपड्याहून आणलेल्या मासळीचं हुमण बघून, आयुष्यभराचे शाकाहारी म्हणून, जागच्या जागी नमस्कार केला. निघताना बाईंनी माझ्या हातात उरलेल्या वातींचा डबा दिला. म्हणाल्या, "तुमच्या उदाहरणाला आमचा नमस्कार सांगा." माझा राग तोवर कुठे गेला होता ते मी शोधलंही नाही. पण एक बारीकसं काहीतरी आत राहिलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

उदाहरण मी सुधारलं. क्रमांकाच्या जागी आता नुसती शून्यं आहेत. टिपेत फक्त 'टीप' असं लिहिलंय. आणि वर एक परिच्छेद घातला आहे की कॅलेंडरवर दिवस मोकळा दिसला म्हणजे घर मोकळं असेलच असं समजू नये, आधी घरच्या माणसाला विचारावं. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, हे तांत्रिक वाक्य नाही. मी म्हटलं, राहू दे.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, खोलीला पाहुणे येऊ लागले. आणि एका सकाळी, पुन्हा उंडो आणि पुन्हा पायरी, सासूबाई म्हणाल्या, "आणि एक खोली घाल गो त्या मोबाइलात."

"कुठली?"

"तुमची."

माझ्या हातातला कप खाली आला. मला सगळं लख्ख दिसलं. चार दिवस खोली देऊन बघितली, काही बिघडलं नाही, सून माटोळीखाली झोपली तरी मेली नाही, तर आता देऊनच टाका. मी "बघते" म्हटलं आणि दिवसभर बघितलं नाही. संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "घातलंस?" मी म्हटलं, "नाही. वेळ नव्हता." तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी कदेल ओढून बसल्या, आणि त्या कदेल ओढून बसल्या म्हणजे उठणाऱ्यांतल्या नव्हेत.

मी दातओठ खात अ‍ॅप उघडलं. नवी खोली. माणसं दोन. कॉट एक. जनेलं दोन. एक टेबल. फोटो? "फोटो नको," त्या म्हणाल्या. फोटोशिवाय कोण घेईल, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं, न घेतली तर बरंच आहे.

"आता दीस?" त्यांनी विचारलं. "ते खंय दिसतत?"

मी कॅलेंडर उघडलं. पुढचं अख्खं वर्ष, सगळे दिवस मोकळे, पांढरेशुभ्र.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"कुठले? चवथीचे?"

"सगळे."

मला कळेना. "आई, सगळे दिवस बंद करायचे तर खोली घालायची कशाला?"

"नाय घातली म्हणान तर गेली ती पयल्या खेपेक," त्या म्हणाल्या. "तुझो तो एजंट मोबाइलात आसा ताच बघता. मोबाइलात चेडवाची होती, ती भाड्याक गेली. तुझी थय नव्हतीच, ती मी दिली. इचारूकसुदीक नाय तुका." त्या पडद्याकडे वाकल्या. "बंद कर सगळे दीस. परत कोणी देवची नाय. मीसुदीक."

मी एकेक महिना बंद करत गेले. दिवस करडे होत गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पाठ त्यांच्याकडे होती म्हणून निभावलं. शेवटी अ‍ॅपने विचारलं, खोलीचं नाव. मी टाइप केलं, 'सुनेची खोली'.

त्यांना मराठी वाचायला येतं, हळूहळू येतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून अक्षरं लावली.

"ह्या कित्याक?" त्या म्हणाल्या. "नाव आसा मा आधीच. चेडवाची खोली, दोन."